लेडी अवाबाई

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये एक खाडी आहे. मिठी नदी येथे समुद्राला मिळते. दोनशे वर्षांपूर्वी या खाडीवर पूल नव्हता. भाजीपाला विकणारे, मजूर, यात्रेकरू, सर्वांना होडीतूनच पलीकडे जावे लागे. पावसाळ्यात खाडीला उधाण आले की होड्या उलटत आणि माणसे बुडत. पूल हवा होता. पण कंपनी सरकार खर्च करायला तयार नव्हते.

हे काम एका स्त्रीने मनावर घेतले. तिचे नाव अवाबाई.

अवाबाई या मुंबईतील पारशी व्यापारी फ्रामजी बाटलीवाला यांच्या कन्या. 1803 साली त्यांचा विवाह जमशेटजी जिजीभाई यांच्याशी झाला. जमशेटजींचे आईवडील लवकर वारले होते. त्यांनी फ्रामजींच्या हाताखाली रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात कामाला सुरुवात केली. पुढे ते जहाजाने अनेक वेळा चीनला गेले. एकदा फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले. माल गेला, पण जीव वाचला. समुद्रावरचे संकट या कुटुंबाने असे जवळून पाहिले होते. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात जमशेटजींना अपार धन मिळाले. त्यातील मोठा भाग त्यांनी दानधर्मात खर्च केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीच्या मदतीने उभे राहिले. 1842 मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि अवाबाई 'लेडी' झाल्या.

पुलासाठी अवाबाईंनी प्रथम एक लाख रुपये दिले. खाडीत दगडमातीचा भराव घालणे सोपे नव्हते. खर्च वाढत गेला आणि पैसे अपुरे पडले. काम अर्धवट राहू नये म्हणून त्यांनी आणखी 57 हजार रुपये दिले. मात्र त्यांची एक अट होती. या रस्त्यावरून जाणाऱ्यांकडून कोणताही कर घ्यायचा नाही. सरकारने ती मान्य केली. 1845 मध्ये रस्ता खुला झाला. श्रीमंताच्या घोडागाडीप्रमाणेच डोक्यावर टोपली घेतलेली बाईही तेथून फुकट जाऊ लागली.

2009 साली जवळच समुद्रावर वांद्रे-वरळी सेतू झाला. तेथे वाहनांना टोल द्यावा लागतो. माहीमचा जुना रस्ता मात्र आजही सर्वांना मोकळा आहे. माहीमच्या दर्ग्याला जाणारे आणि वांद्र्याच्या माउंट मेरीला जाणारे भाविक त्याच वाटेने जातात. दादर-माहीमकडील मोठ्या रस्त्याला लेडी जमशेटजी मार्ग म्हणतात. अवाबाईंनी दिलेले दान कोणा एका जातीचे किंवा धर्माचे नव्हते. ते वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाचे होते.