रेचेल कार्सन आणि गर्भापर्यंत पोचलेले विष

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल गावी २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच. मुलीच्या फीसाठी आईने शिकवण्या घेतल्या, घरातली चिनी मातीची भांडी विकली. (आपल्यापैकी अनेकांना यात नवल वाटू नये!) कॉलेजात त्या आल्या इंग्रजी साहित्यासाठी, पुढे प्राणिशास्त्राकडे वळून १९३२ साली एम.ए. झाल्या. १९३५ मध्ये वडील गेले, १९३७ मध्ये बहीण. तिच्या दोन मुलींचा भार यांच्यावर पडला. मत्स्य खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी लेखन केले आणि १९५१ च्या समुद्रावरील पुस्तकाने त्यांचे नाव झाले.

१९६२ चे ‘सायलेंट स्प्रिंग’ म्हटले की पक्षी आठवतात. पण त्यातील एका विषयाबद्दल आपण संकोचाने बोलत नाही. डीडीटी दिलेल्या कोंबड्यांचे वृषण व तुरे खुरटले. विमानातून डीडीटी फवारणाऱ्या पुरुषांत शुक्रजंतू कमी आढळले. आणि प्राण्यांत अशी विषे वार ओलांडून गर्भात शिरतात, हे सारे बाईंनी तेव्हाच मांडले होते. त्या वेळी त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगाने जर्जर होत्या. विरोधकांच्या हाती कोलीत नको म्हणून त्यांनी आजार लपवला. रसायन कंपन्यांनी टीकेची झोड उठवलीच. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या समितीने त्यांची बाजू बरीचशी उचलून धरली. १४ एप्रिल १९६४ रोजी, अवघ्या ५६ व्या वर्षी, त्या गेल्या.

गर्भातल्या मुलग्याचे नेमके काय होते, ते १९९५ साली कळले. शरीरात डीडीटीपासून डीडीई बनते. ते पुरुष-संप्रेरकाची जागा अडवते. गाभण उंदरिणीला ते दिल्यावर नर पिलांत नरपणाची लक्षणे अपुरी राहिली. आपल्या देशात केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. तेथील शाळकरी मुलांना वयात यायला उशीर होत असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भातले विष किती आणि नंतरचे किती, हे मात्र त्यात वेगळे काढता येत नाही.

एंडोसल्फान कपाशीवरचेही औषध. सर्वोच्च न्यायालयाने ते २०११ मध्ये थांबवले. आम्ही बुलडाण्याकडची माणसे विषाला औषधच म्हणतो! पाठीवर पंप घेऊन गडी पऱ्हाटी फवारतो, त्याच वावरात पोटुशी बाई निंदायला वाकलेली असते. पुढे त्या पोटच्या मुलाला मूल झाले नाही, तर बोट सुनेकडेच जाते.

अमेरिकेने शेतीतील डीडीटी १९७२ मध्ये बंद केले, भारताने १९८९ मध्ये. तोवर बाईंना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.