मातीतील जिवाणूंचा पारखी

जळगाव-धुळ्याकडे मूग-उडदाच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियमचे जिवाणू संवर्धन लावतात. मुळांच्या गाठींतून तो जिवाणू १८८८ मध्ये प्रथम वेगळा केला मार्टिनस बायरिंक यांनी. १८५१ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे जन्मलेले हे संशोधक अविवाहित, तिरसट. विद्यार्थी त्यांना वचकून असत. १८९५ पासून डेल्फ्ट येथे अध्यापन करताना त्यांनी एक पद्धत रूढ केली : मातीतील जिवाणूंपुढे ठरावीकच अन्न ठेवावे, ज्याला ते पचेल तोच वाढेल. युक्ती साधी, पण तिच्यावाचून पुढचे अडले असते. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले.

कापसावर फवारल्या जाणाऱ्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. ते पचविणारे जिवाणू याच पद्धतीने मातीतून निवडले गेले आहेत. अशा जिवाणूंची विकरे, म्हणजे एन्झाइम्स, जनुकीय फेरफाराने अधिक कार्यक्षम करण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत होत असतात. शेतापर्यंत मात्र त्यांतले फारच थोडे पोहोचते.