विश्लेषण : उपचार करणाऱ्यांची काळजी कोण घेणार? डॉ. कोटणीस यांचे आयुष्य काय सांगते?

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापासून जगभरातील युद्धछावण्यांपर्यंत या दिवशी रुग्णांविषयी बोलले जाते. त्यांना सांभाळणाऱ्यांविषयी कमी. योगायोगाने हाच डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्मदिवस. युद्धभूमीवर उपचार करणाऱ्याची काय दमछाक होते, हे त्यांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसते.

कोटणीस चीनला का गेले?

जन्म १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले आणि चिनी सेनानी झू डे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. काँग्रेसने निधी उभारून १९३८ मध्ये पाच डॉक्टर धाडले : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. त्यांच्यात वयाने सर्वांत लहानांपैकी एक असलेले कोटणीस तेव्हा अवघ्या २७ वर्षांचे होते.

तिथे कामाचा ताण किती होता?

१९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. त्याच सुमारास सोलापुरात वडील वारल्याची बातमी आली. परतण्याची मुभा असूनही कोटणीस थांबले. पुढे आघाडीवर फिरत्या पथकांतून शस्त्रक्रिया, औषधांचा तुटवडा, जखमींची रीघ. १९४० मधील एका लढाईत त्यांनी झोप न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते.

१९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ज्या कॅनडियन शल्यविशारदाचे नाव या रुग्णालयाला होते, ते नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रियेदरम्यान बोट कापल्याने झालेल्या जंतुसंसर्गाने १९३९ मध्ये दगावले होते. म्हणजे कोटणीस ज्या खुर्चीवर बसले, तिची किंमत त्यांना ठाऊक होती.

त्यांना आधार कोणाचा होता?

कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथल्या माणसांत मिसळले. परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव यिनहुआ ठेवले. माणसे जिवाभावाची होती, पण विश्रांती नव्हती. अपस्माराचे झटके येऊ लागले, तरी काम चालूच राहिले. अपुरी झोप आणि सततचा ताण हे असे झटके वाढवू शकतात, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२, मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाचांपैकी बाकीचे चौघे मायदेशी परतले.

आज नियम काय सांगतात?

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटनांनी आपत्ती व संघर्षाच्या काळातील मानसिक आरोग्यसेवेसाठी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत कर्मचाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची मनःस्थिती सांभाळणे हे स्वतंत्र काम मानले आहे : कामाच्या तासांना मर्यादा, ठरलेली विश्रांती, भीषण प्रसंगानंतर तातडीने आधार. इतरांचे दुःख रोज ऐकणाऱ्या समुपदेशकाला आणि मनोविकारतज्ज्ञाला हे विशेष लागू पडते. त्यांची जखम बाहेरून दिसत नाही.

मग गौरवाने काय साधते?

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने कोटणीसांची कहाणी घराघरांत नेली. चीनमध्ये शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे. हा गौरव रास्तच. मात्र त्यागाची आरती करताना, त्या डॉक्टरला वेळेवर सक्तीची रजा मिळायला हवी होती, हेही म्हटले पाहिजे. थकलेल्या माणसाने स्वतःहून थांबावे अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा, त्याला थांबवण्याची जबाबदारी त्याला पाठवणाऱ्यांची असते.