ताऱ्यांच्या उजेडाला हिशेब लावणारे पॉगसन

मुळगाव (डिचोली) : थंडीच्या दिवसांत मुळगावच्या शेतात उभं राहिलं की उत्तरेला, झाडांच्या शेंड्यांवर ध्रुव दिसतो आणि दक्षिणेच्या बाजूला व्याध लखलखत असतो. व्याध ध्रुवापेक्षा साधारण २४ पट तेजस्वी. हा आकडा काढायची रीत ठरवली नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांनी. त्यांचं निम्मं आयुष्य मद्रासात गेलं.

जन्म १८२९ चा, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा. तोवर ताऱ्यांच्या सहा प्रती ग्रीकांच्या काळापासून चालत आलेल्या. ठळक तो पहिल्या प्रतीचा, जेमतेम दिसणारा सहाव्या. म्हणजे आकडा लहान तर तारा मोठा. नवख्याचा इथंच घोळ होतो. पण एका प्रतीचा फरक म्हणजे नेमका किती उजेड, यावर ज्याचं त्याचं गणित वेगळं.

१८५६ मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत असताना पॉगसन यांनी सुचवलं, पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट धरा. मग एका प्रतीला येतात २.५१२ पट. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, दर पायरीला बेरीज नाही, गुणाकार. त्यांच्या स्वतःच्या मोजणीत २.४ आलं होतं. तरी २.५१२ घेतलं, कारण लॉगॅरिथमने हिशेब सोपा होतो. वह्या लिहिणाऱ्याला हे लगेच पटेल.

१८६१ मध्ये ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले आणि त्याच एप्रिलात त्यांना एक लघुग्रह सापडला. आशियातून सापडलेला तो पहिला, म्हणून नावही 'एशिया'. त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये उजेड कमीजास्त होणारा, म्हणजे रूपविकारी तारा शोधला. माणसं मात्र कायम अपुरी. १८७३ पासून लेक आयसिस महिना १५० रुपयांवर मदतनीस झाली. वडिलांना १८५६ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाला तिचंच नाव होतं. १८८६ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठी वडिलांनी तिचं नाव सुचवलं, पण सनदेत सभासदाला पुल्लिंगी सर्वनाम, म्हणून ते मागे घ्यावं लागलं.

जून १८९१ मध्ये पॉगसन मद्रासातच वारले. रूपविकारी ताऱ्यांची त्यांची बरीचशी निरीक्षणं तेव्हा छापायची राहिलेली होती. ती पुढं १९०८ च्या सुमारास बाहेर आली. आयसिसला सोसायटीनं सभासद केलं ते १९२० मध्ये.