विहिरीच्या वरचे पाणी

बँकेत असताना एका दुष्काळी तालुक्यात मी तीन वर्षे शेतीकर्जाचा अधिकारी होतो. विहिरीसाठी कर्ज मागायला शेतकरी आला की सातबारा पाहायचा, जामीनदार पाहायचे, शेजारची विहीर किती अंतरावर आहे ते विचारायचे आणि शेरा मारायचा. पुढे त्यातल्या कित्येक विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवू लागल्या आणि वसुलीला मलाच जावे लागले. विहिरीच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, पाणी अडते की वाहून जाते हा प्रश्न आमच्या छापील अर्जात नव्हता. मलाही तो सुचला नाही. निवृत्तीनंतर ‘शेतकऱ्याचा असूड’ सावकाश वाचला, तेव्हा हा प्रश्न १८८३ सालीच उपस्थित झाला होता हे कळले आणि ओशाळल्यासारखे झाले.

जोतीराव फुले म्हटले की आपल्याला १८४८ची मुलींची शाळा आठवते, १८७३चा सत्यशोधक समाज आठवतो. ते योग्यच. पण या माणसाचे मातीशी असलेले नाते आपण जयंतीच्या भाषणांत हरवून बसलो आहोत. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तिथून पुरंदरातले खानवडी आणि मग पुणे. फुलांच्या धंद्याने फुले हे नाव दिले. १८२७ साली जन्मलेल्या जोतीची शाळा वडिलांनी मध्येच सोडवली आणि त्याला मळ्यात कामाला लावले. पुढे तो मिशनच्या शाळेत गेला खरा, पण मळ्यातली ती वर्षे वाया गेली नाहीत.

जोतीराव पुढे कंत्राटदार झाले, हेही आपण सहसा सांगत नाही. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला. मांजरीला जमीन घेऊन शेती केली आणि आसपासचे शेतकरी कालव्याचे पाणी घ्यायला बिचकत असताना आपल्या शेताला ते पाणी घेतले. म्हणजे पाटबंधारे खात्याला त्यांनी नंतर जे फटकारले, ते घरात बसून नव्हे. पाण्याचा दर वसूल होतो, पण पाणी वेळेवर मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय थेट कंत्राटदाराचा आहे: प्रत्येक शेतकऱ्याला एकेक तोटी करून द्यावी, म्हणजे कोणालाच गरजेपेक्षा जास्त पाणी घेता येणार नाही.

१८७६-७७चा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला. उपाशी मुलांसाठी सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला अन्नछत्रासह आश्रम चालवला. माझ्या मते ‘असूडा’तल्या पोटतिडिकीचे मूळ तिथे आहे.

त्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण आज कुणाही ग्रामपंचायत सदस्याने वाचावे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेल्या जनावरांचे सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतात येते, हे शेताचे आयते खत, असे जोतीराव मांडतात. म्हणून पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मगच ओढ्याला मिळेल अशा बेताने जागोजाग ताली आणि बंधारे घालावेत. ओढ्यांवर बंधारे घातले की खालच्या विहिरींचे झरे टिकतात. माझ्या अर्जात नसलेला प्रश्न तो हाच! तलावांतला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. गायराने गावांना परत द्यावीत. पाणाड्यांकडून जमिनीतले झरे शोधून गावाच्या नकाशावर दाखवावेत, आणि सरकारी मदतीवाचून विहीर खणणाऱ्याला बक्षीस द्यावे. महाराष्ट्र सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली २०१७ साली. मधली १३४ वर्षे गाळ जागेवरच साचत होता.

सगळेच पटते असे नाही. बांध घालायला त्यांना सरकारचे जादा शिपाई आणि पोलीस हवे होते. मोकळ्या हवेत कष्ट केले तर त्यांची प्रकृतीही सुधारेल, असे त्यांना वाटे. ही कल्पना वाचून हसू येते, पण शिपाई बांध घालून निघून गेले की पुढच्या वर्षी फुटलेला बांध कोणी बुजवायचा? जंगलखात्यावरचा त्यांचा राग मात्र समजण्यासारखा आहे. १८७८च्या जंगल कायद्यानंतरचे ते दिवस होते आणि शेळी चारायलाही रान उरले नव्हते. अडवलेले पाणी गावात वाटायचे कसे, याचे चोख उत्तर मिळायला १९७२चा दुष्काळ यावा लागला. पुरंदरातल्याच नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या आकाराप्रमाणे नाही, तर घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे द्यायचे, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला मनाई. १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणाऱ्या जोतीरावांना हा हिशेब आवडला असता. आताचा पाऊस महिनाभराचे पाणी चार तासांत ओतून जातो. तेव्हा बांध आणि वाटप, दोन्हींची निकड वाढलीच आहे.

‘दीनबंधू’ पत्राने ‘असूडा’चे सुरुवातीचे भाग छापले आणि पुढचे छापायचे थांबवले. जोतीराव हस्तलिखित घेऊन हिंडले, लोकांना वाचून दाखवत राहिले. बडोद्याला सयाजीरावांपुढेही ते वाचले गेले. १८८८ साली अर्धांगवायूने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने पुढचे पुस्तक लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. सबंध ‘असूड’ छापलेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

माझ्या एका कर्जदाराची विहीर मला अजून दिसते. वर बोडकी टेकडी, खाली साठ फुटांचा कोरडा खड्डा. नोटीस त्याने निमूट घेतली, चहा पाजला आणि टेकडीकडे बोट करून म्हणाला, साहेब, पाऊस पडतो हो, पण थांबत नाही. मी घड्याळ पाहिले. शेवटची एसटी साडेपाचला होती.