शेतकरी जोतीराव

सातारा जिल्ह्यात कटगुण नावाचे गाव आहे. या गावी गोऱ्हे आडनावाचे एक शेतकरी कुटुंब राहत असे. घराण्याकडे गावचे चौगुलेपण होते. पाटलाच्या हाताखाली राहून गावची कामे करावीत आणि आपली शेती पिकवावी, असा त्यांचा क्रम होता. पुढे या घराण्यातील एका पुरुषाचे गावच्या कुळकर्ण्याशी वैर पडले आणि त्याला गाव सोडावे लागले, असे सांगतात. त्याने पुरंदर तालुक्यातील खानवडी गाठली आणि तेथे नवे बिऱ्हाड थाटले.

त्याचा मुलगा शेटिबा. त्याच्या हाती पैसा टिकला नाही. कर्ज वाढले आणि अखेर हे कुटुंब पोट भरण्यासाठी पुण्यास आले. शेटिबाला राणोजी, कृष्णा आणि गोविंद असे तीन मुलगे होते. ते फुलांच्या धंद्यात शिरले. हार, गजरे आणि फुलांच्या गाद्या करण्यात त्यांचा हात असा बसला, की त्यांची फुले पेशव्यांच्या वाड्यात जाऊ लागली. पेशव्यांनी त्यांना 35 एकर जमीन इनाम दिली. लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे मूळ आडनाव मागे पडले. पुढे थोरल्या भावाने ती जमीन एकट्याच्या ताब्यात घेतली, असे चरित्रकार लिहितात. गोविंदरावांनी मात्र कष्ट करून आपला स्वतंत्र व्यवसाय उभा केला.

या गोविंदरावांच्या आणि चिमणाबाईंच्या पोटी 1827 साली जोतीरावांचा जन्म झाला. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच आई निवर्तली. सगुणाबाई नावाच्या नात्यातील एका बालविधवेने त्या पोरक्या मुलाला मायेने वाढविले.

जोतीराव सात वर्षांचे झाल्यावर शाळेत जाऊ लागले. परंतु माळ्याच्या मुलाने शिकावे, हे त्या काळी अनेकांना रुचत नसे. शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे गोविंदरावांच्या मनात भरविण्यात आले. त्यांनी मुलाला शाळेतून काढले आणि त्याच्या हाती खुरपे दिले. जोतीराव मळ्यात राबू लागले. वाफे बांधणे, पाणी देणे, खुरपणी करणे ही कामे ते मनापासून करीत. तथापि दिवसभराचे काम संपले, की रात्री दिव्याच्या उजेडात त्यांचे वाचन चाले. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी मुलाची ही ओढ पाहिली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. त्यापूर्वी, 1840 साली, नायगावच्या नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

ज्ञान न मिळाल्याने माणूस कसा अंधारात राहतो, हे जोतीरावांनी स्वतः अनुभवले होते. म्हणून 1848 साली त्यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई स्वतः शिकल्या आणि तेथे शिकवू लागल्या. लोक खवळले. त्यांचा रोष वृद्ध गोविंदरावांना सोसवेना. शाळा सोड, नाही तर घर सोड, असा पेच त्यांनी मुलापुढे टाकला. वडिलांविषयी जोतीरावांना आदर होता; पण हाती घेतलेले काम त्यांना टाकवेना. 1849 साली पतिपत्नी नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडली. ज्या पित्याने पोरक्या मुलासाठी सर्व काही केले, त्याच्या घराचा उंबरठा ओलांडताना त्यांच्या मनाला किती यातना झाल्या असतील!

चरितार्थासाठी जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटे घेतली आणि पुण्याजवळ मांजरी येथे शेतीही केली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरविले. तेथे राबणाऱ्या मजुरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. 1868 साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि 1873 साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. 1876 व 1877 या सालांत मोठा दुष्काळ पडला, तेव्हा धनकवडी येथे उपाशी मुलांना अन्न मिळावे यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट केली.

शेतकरी वर्षभर राबतो आणि तरीही उपाशी का राहतो, हा प्रश्न त्यांना सतत सतावीत असे. त्याचे उत्तर त्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात दिले. अज्ञान, कर्ज, जाचक सारा आणि अधिकाऱ्यांची बेफिकिरी ही त्याच्या दैन्याची कारणे त्यांनी दाखविली. परंतु केवळ दोष दाखवून ते थांबले नाहीत. पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून ताली व बंधारे घालावेत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असे उपायही त्यांनी सुचविले.

1888 साली पुण्यात इंग्लंडच्या राणीच्या पुत्राच्या सन्मानार्थ समारंभ झाला. बडे लोक उंची पोशाख घालून आले होते. जोतीराव मात्र शेतकऱ्याच्या साध्या वेशात तेथे गेले आणि खेड्यातील लोकांची खरी स्थिती त्यांनी निर्भयपणे मांडली. त्याच वर्षी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली.

पुढे पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे देहावसान झाले.

ज्या मुलाला मळ्यातील कामासाठी शाळा सोडावी लागली, त्याने हजारो मुलामुलींसाठी शाळेची वाट मोकळी केली. मात्र मातीशी जडलेले आपले नाते तो अखेरपर्यंत विसरला नाही. यातच त्याचे मोठेपण आहे.