एडवर्ड व्हिंपर

एडवर्ड व्हिंपर (२७ एप्रिल १८४०, लंडन – १६ सप्टेंबर १९११, शामोनी) हे इंग्लिश गिर्यारोहक, चित्रकार व लेखक होते. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील मॅटरहॉर्न (४,४७८ मीटर) या शिखरावर सर्वप्रथम पोहोचलेल्या तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले.

== सुरुवातीचे जीवन ==
व्हिंपर यांनी लाकडी ठशांवर चित्रे कोरण्याचे शिक्षण घेतले. १८६० साली लंडनमधील प्रकाशक विल्यम लाँगमन यांनी आल्प्सची चित्रे काढण्यासाठी त्यांना पाठवले. या प्रवासात त्यांना गिर्यारोहणाची ओढ लागली. १८६४ मध्ये फ्रान्समधील बार देझेक्रँ या शिखराच्या पहिल्या चढाईत त्यांचा सहभाग होता.

== मॅटरहॉर्नचा मार्ग ==
१८६१ ते १८६३ या काळात व्हिंपर यांनी इटलीतील ब्रुई गावाकडून नैर्ऋत्य धारेने अनेक प्रयत्न केले. त्यांपैकी काहींत स्थानिक वाटाड्या झाँ-अँत्वान कारेल त्यांच्यासोबत होता. १८६२ मध्ये एकट्याने चढाई करून उतरताना ते घसरून जखमी झाले.

झेर्माटकडील पूर्व बाजू समोरून जवळजवळ उभी दिसत असल्यामुळे ती दुर्गम मानली जाई. बाजूने पाहिल्यावर तिचा उतार बराच सौम्य असल्याचे व्हिंपर यांच्या लक्षात आले. खडकांचे थर इटलीच्या दिशेने कललेले असल्याने त्या बाजूला पाय ठेवण्याच्या जागा बाहेर उतरत्या होतात, तर पूर्वेकडे त्यांच्या पायऱ्या बनतात, असे अनुमान त्यांनी काढले. त्यामुळे त्यांनी ह्योर्नली धारेचा मार्ग निवडला.

== पहिली चढाई व अपघात ==
जुलै १८६५ मध्ये कारेल इटालियन तुकडीत सामील झाल्यावर व्हिंपर तातडीने झेर्माटला आले. लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, चार्ल्स हडसन, डग्लस हॅडो, वाटाडे मिशेल क्रो आणि टाऊगवाल्डर पितापुत्र यांच्यासह ते १४ जुलै रोजी शिखरावर पोहोचले.

उतरताना अननुभवी हॅडो घसरून क्रो यांच्यावर आदळले. त्यांच्यासोबत हडसन व डग्लसही खेचले गेले. डग्लस व थोरले टाऊगवाल्डर यांच्यामधील दोर तुटला आणि चौघेही उत्तर कड्यावरून कोसळून मृत्युमुखी पडले. डग्लस यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. टाऊगवाल्डर यांनी दोर कापल्याची अफवा पसरली. मात्र झेर्माट येथील चौकशीत ते निर्दोष ठरले. तुटलेला दोर तुकडीकडील दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता. १७ जुलै रोजी कारेल इटलीच्या बाजूने शिखरावर पोहोचला.

== उत्तरायुष्य ==
या दुर्घटनेनंतर व्हिंपर यांनी आल्प्समधील मोठ्या चढाया जवळपास थांबवल्या. १८७१ मध्ये आल्प्समधील चढायांविषयीचे त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी १८६७ व १८७२ मध्ये ग्रीनलंडचा प्रवास केला. ४ जानेवारी १८८० रोजी इक्वेडोरमधील चिंबोराझो शिखराची पहिली चढाई त्यांनी पूर्ण केली. या वेळी एकेकाळचा प्रतिस्पर्धी कारेल त्यांचा सोबती होता. व्हिंपर यांचे निधन फ्रान्समधील शामोनी येथे झाले व तेथेच त्यांचे दफन करण्यात आले.

ह्योर्नली धार हा आज मॅटरहॉर्नवर जाण्याचा सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे. वरच्या अवघड टप्प्यावर तेथे कायमचे दोर बसवलेले आहेत. १८६५ मध्ये तुटलेल्या दोराचा तुकडा झेर्माटच्या संग्रहालयात जतन केला आहे.